आजार उलटल्याची बायॉप्सी: जुन्या नावावर विसंबून का चालत नाही

फॉर्मवर ‘जुना एनएचएल, केमो झालेली, रिलॅप्स?’ एवढंच लिहिलेलं असतं आणि डबीत, फॉर्मॅलिनमध्ये, दोऱ्याएवढ्या जाडीचे दोन-तीन तुकडे असतात. लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइटचा (बी किंवा टी जातीच्या पांढऱ्या पेशींचा) कॅन्सर, उलटल्याच्या, म्हणजे परत आल्याच्या शंकेने केलेली (फॉर्मवरचा एनएचएल म्हणजे नॉन-हॉजकिन लिम्फोमा) बायॉप्सी आमच्या लॅबमध्ये बहुतेक वेळा अशीच येते. जुना रिपोर्ट सोबत असेल तर ‘पूर्वीचाच आजार परत आला आहे’ असं लिहून मोकळं होणं सोपं असतं. पण मधल्या काळात रुग्णाने औषधं घेतलेली असतात. पहिल्यांदा ज्या खुणांवरून आजार ओळखला, त्याच खुणा हे यांतल्या काही औषधांचं लक्ष्य असतं. शिवाय जी पेशी उपचारांतून वाचली ती मूळच्या पेशीसारखी राहिली असेलच असं नाही. म्हणून असा नमुना आम्ही नव्या रुग्णाचा समजून पहिल्यापासून बघतो. फरक एवढाच की जुना ब्लॉक, म्हणजे पहिल्या बायॉप्सीचा मेणात बसवलेला तुकडा, शेजारी लागतो.

काम खरं म्हणजे सुई टोचण्याआधीच सुधारतं किंवा बिघडतं.

पेट स्कॅनवर गाठ उजळली म्हणजे लिम्फोमाच, हे गृहीत धरता येत नाही. स्कॅनसाठी टोचलेली एफडीजी ही किरणोत्सर्गी साखर जिथे पेशी जोमाने काम करतात तिथे जाते. डोव्हिल स्कोअर (स्कॅनवरच्या उजळपणाची पाच पायऱ्यांची श्रेणी) ४ किंवा ५ म्हणजे त्या जागेचा उजळपणा यकृताहून जास्त, इतकाच त्याचा अर्थ. टीबीची गाठ तितकीच उजळते. सार्कॉइडसारख्या आजारांतले ग्रॅन्युलोमाही (दाहातून जमलेले पेशींचे गोळे) उजळतात. तरुण रुग्णांमध्ये केमोनंतर थायमस ग्रंथी परत वाढते आणि छातीच्या मध्यभागी उजळ पट्टा दिसतो. जी-सीएसएफची (पांढऱ्या पेशी वाढवणारी) इंजेक्शनं चालू असतील तर अख्खी अस्थिमज्जा उजळते. आपल्याकडे टीबीचा मुद्दा नुसता पुस्तकी नाही. रिटुक्सिमॅब (बी-पेशींवरच्या सीडी२० या प्रथिनावर नेम धरणारी अँटीबॉडी), स्टिरॉइड आणि केमो यांनी प्रतिकारशक्ती खाली आली की दबलेला टीबी डोकं वर काढतो. त्यात हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीत मुळातच ग्रॅन्युलोमा सापडू शकतात. त्यामुळे ग्रॅन्युलोमा दिसला म्हणून लिम्फोमा नाही असं म्हणता येत नाही, आणि लिम्फोमा दिसला म्हणून टीबी नाही असंही.

इथे एक साधी गोष्ट वारंवार राहून जाते. अख्खा नमुना फॉर्मॅलिनमध्ये पडला की कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची, वाट बंद होते. बायॉप्सी करतानाच एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला पाठवावा आणि दुसरा फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या, ताज्या पेशींवरची प्रथिनं मोजणारी तपासणी) आरपीएमआय या पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रवात द्यावा. हे सर्जनला किंवा रेडिऑलॉजिस्टला आदल्या दिवशीच सांगावं लागतं. ऑपरेशन थिएटरमधून ‘सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाकलं, चालेल ना?’ असा फोन आला की उशीर झालेला असतो.

कुठली गाठ काढायची? हाताला लागते ती नव्हे, स्कॅनवर सगळ्यात जास्त उजळ आहे ती. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या (बी-पेशींचा संथ वाढणारा प्रकार) रुग्णात एका गाठीचा एसयूव्ही (उजळपणाचा आकडा) ५ आणि दुसरीचा १८ असेल, तर १८ची गाठ हवी. आक्रमक लिम्फोमात रूपांतर झालं असेल तर ते तिथे सापडण्याची शक्यता जास्त. नुसत्या एसयूव्हीवरून मात्र रूपांतर ठरत नाही, ते टिश्यूतच दिसावं लागतं. जांघेतल्या गाठी शक्यतो टाळाव्यात. वर्षानुवर्षांच्या बारीकसारीक जखमांनी आणि संसर्गांनी त्यांची रचना आधीच बिघडलेली असते.

अख्खी गाठ काढणं सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल, म्हणजे गाठ पोटात खोल असेल किंवा रुग्णाला भूल झेपणार नसेल, तर कोअर बायॉप्सी (जाड सुईने बारीक दंडगोल तुकडे काढणं) करावी. त्यासाठी सुई १४ किंवा १६ गेजची असावी, नाइलाज असेल तर १८ची (आकडा जितका लहान तितकी सुई जाड). तुकडे चार ते सहा हवेत. नुसत्या एफएनएसीवर (बारीक सुईने ओढलेल्या सुट्या पेशींवर) उलटलेल्या लिम्फोमाचं वर्गीकरण करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एफएनएसी आणि फ्लो मिळून ‘एकाच वंशाच्या बी-पेशी वाढल्या आहेत’ इथपर्यंत नेतात. त्या पेशी गोळे (फॉलिकल) करून बसल्या आहेत की पसरलेल्या चादरीत आहेत, हे त्यांत कळत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमाचं रूपांतर झालं की नाही, याचं उत्तर तर त्या चादरीतच असतं.

स्टिरॉइडबद्दल कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. रुग्णाला धाप लागते, गळ्यावर सूज येते, गावातले डॉक्टर डेक्सामेथासोन सुरू करतात, गाठ उतरते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. चार दिवसांनी बायॉप्सी होते आणि हाती काय लागतं? मेलेल्या पेशी, फेसाळ हिस्टिओसाइट (कचरा गिळणाऱ्या पेशी) आणि थोड्या टी-पेशी. असा नमुना निगेटिव्ह आला तरी त्याला अर्थ नसतो. जीव वाचवायला स्टिरॉइड द्यावंच लागलं असेल तर फॉर्मवर औषध, डोस आणि तारीख लिहावी. म्हणजे आम्ही ‘लिम्फोमा दिसला नाही’ याऐवजी ‘स्टिरॉइडनंतरचा नमुना, निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहू शकतो.

नमुना आला की आम्ही आधी फोन उचलतो. पहिला आजार नेमका कोणता होता आणि कुठल्या साली? रिटुक्सिमॅब मिळालं का, शेवटचा डोस कधी? ब्रेंटुक्सिमॅब, इब्रुटिनिब, बायस्पेसिफिक अँटीबॉडी किंवा कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा उपचार) अशा ठरावीक प्रथिनांवर नेम धरणाऱ्या उपचारांपैकी काही झालं आहे का? टीबीची औषधं चालू आहेत का? एचआयव्हीचा रिपोर्ट काय? पाच मिनिटांच्या या बोलण्याने मार्करची (पेशींच्या ओळखखुणांची) यादी निम्म्यावर येते. आणि नातेवाईक समोर असले तर एकच प्रश्न: ‘काका, जुना ब्लॉक आणलाय का?’

अख्खी गाठ आली तर ती ताजी असतानाच लांबीला आडवे, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करावे लागतात. फॉर्मॅलिन आत शिरायला वेळ घेतं आणि गाठीचं कवच त्याला आणखी अडवतं. न कापता टाकलेली गाठ बाहेरून शिजते आणि आतून सडते. मग कडेच्या पेशी स्वच्छ दिसतात आणि मधल्या भागात केंद्रकांच्या सावल्या उरतात. फॉर्मॅलिन १० टक्के, बफर केलेलं हवं आणि टिश्यूच्या दहा ते वीस पट. छोट्या गावांतून साध्या, बफर नसलेल्या फॉर्मॅलिनमध्ये आठवडाभर पडून आलेले नमुनेही येतात. त्यांत आयएचसी (अँटीबॉडी वापरून पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवणं) कसंबसं होतं, पण डीएनएचे इतके तुकडे झालेले असतात की मॉलिक्युलर तपासणीची आशा सोडावी लागते. काप घेतानाच काचेवर दोन-चार ठसेही घ्यावेत. फुकट आणि झटपट होणारी ही गोष्ट पुढे फिश तपासणीला (जनुक तुटलं आहे का हे चमकत्या खुणांनी बघणं) कामी येते.

कोअरच्या बाबतीत सगळी कसब काटकसरीत आहे. सगळे तुकडे एकाच कॅसेटमध्ये (ज्यात टिश्यूचा ब्लॉक बनतो ती छोटी डबी) कोंबू नयेत. एका कॅसेटमध्ये एक किंवा दोन ठेवले तर एक ब्लॉक आयएचसीत संपला तरी दुसरा फिश आणि क्लोनॅलिटीसाठी (पेशी एकाच वंशाच्या आहेत का हे बघण्यासाठी) शाबूत राहतो. ब्लॉक मायक्रोटोमवर (काप घेणाऱ्या यंत्रावर) परत परत चढवला की दर खेपेला तो समतल करण्यात टिश्यू खरवडून जाते. म्हणून पहिल्याच बैठकीत एक काप एच अँड ईसाठी (नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगासाठी) आणि त्यामागोमाग पंधरा ते वीस काप टिश्यू घट्ट धरणाऱ्या चार्ज्ड स्लाईडवर घेऊन ठेवतो. जाडी तीन ते चार मायक्रॉन. त्यानंतर १० मायक्रॉनच्या काही गुंडाळ्या निर्जंतुक नळीत, डीएनएसाठी. यांतले काही काप वापरलेही जात नाहीत. तरी तुकडा परत मिळत नाही, हे ध्यानात ठेवलं की ही उधळपट्टी वाटत नाही.

आता एच अँड ई. इथे घाई करून आयएचसीकडे पळू नये. मोठ्या पेशींची चादर आहे की लहान पेशींच्या गर्दीत मोठ्या पेशी विखुरल्या आहेत? टिश्यू सडलेली आहे का? असेल तर कडेला ग्रॅन्युलोमा आहे का? नुसती तंतुमय गाठ आणि फेसाळ पेशी दिसल्या तर तो केमोला मिळालेला प्रतिसाद असू शकतो. छातीच्या मध्यातला कोअर असेल तर आणखी एक सापळा आहे. वाढलेल्या थायमसमधल्या कोवळ्या टी-पेशी टीडीटी (कोवळ्या पेशींची खूण) पॉझिटिव्ह असतात आणि त्यांत केआय-६७ (विभाजन होणाऱ्या पेशींची खूण) भरपूर असतो. छोट्या कोअरमध्ये तेवढंच बघितलं तर टी-लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा असं लिहून जाईल. सायटोकेरॅटिनचा एक स्टेन घातला की थायमसच्या एपिथेलियमची सुबक जाळी उमटते आणि प्रश्न मिटतो.

पहिल्या फेरीत आम्ही सीडी२० आणि पॅक्स५ (बी-पेशींच्या खुणा), सीडी३ (टी-पेशींची खूण) आणि केआय-६७ लावतो. सीडी२० आहे तर पॅक्स५ कशाला, असं विचारणारे असतात. रिटुक्सिमॅबनंतर उलटलेल्या आजारात गाठीतल्या बी-पेशी कधी कधी सीडी२० टाकून देतात, हे त्याचं उत्तर. फक्त सीडी२० आणि सीडी३ लावले आणि मोठ्या पेशींनी दोन्ही नाकारले, तर विचार भरकटतो. कुणी कॅन्सरचं मेटास्टॅसिस शोधायला लागतो, कुणी प्लाझ्माब्लास्टिक (प्लाझ्मा पेशींकडे झुकलेला लिम्फोमा) म्हणतो, आणि आसपासच्या सीडी३ पेशी बघून कुणी टी-सेल लिम्फोमाकडे वळतो. पॅक्स५चा रंग केंद्रकात येतो आणि रिटुक्सिमॅबचा त्याच्याशी संबंध नसतो. तो सर्वसाधारणपणे टिकून राहतो. सीडी७९ए आणि सीडी१९ हे आणखी दोन साक्षीदार. प्लाझ्माब्लास्टिकमध्ये पॅक्स५ही जवळपास गेलेला असतो आणि सीडी१३८ (प्लाझ्मा पेशींची खूण) उभा राहतो. त्यामुळे दोघांत फरक करता येतो. तिथे इबर ही तपासणी करून ईबीव्ही (एप्स्टाइन-बार विषाणू) बघावाच.

सीडी२० निगेटिव्ह आला म्हणजे तो खरंच गेला आहे की औषधाने झाकला आहे? आयएचसीसाठी नेहमी वापरली जाणारी एल२६ ही अँटीबॉडी सीडी२०च्या पेशीच्या आतल्या भागाला चिकटते. रिटुक्सिमॅब बाहेरच्या भागाला चिकटतं. त्यामुळे एल२६ निगेटिव्ह असेल तर प्रथिन खरोखरच घटलेलं आहे. फ्लोमधल्या अँटीबॉडी बाहेरच्या बाजूला चिकटतात आणि शेवटच्या डोसनंतर काही महिने रक्तात फिरणारं रिटुक्सिमॅब ती जागा अडवून बसू शकतं. अशा वेळी फ्लो निगेटिव्ह आणि आयएचसी पॉझिटिव्ह येतं, आणि दोन लॅबच्या रिपोर्टांत भांडण असल्यासारखं वाटतं. दोघेही बरोबर असतात.

सीडी१९चंही असंच. भारतात कार-टी आता कागदावरची गोष्ट उरलेली नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही थेरपी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली आणि तिचं लक्ष्य सीडी१९ आहे. कार-टीनंतर आजार उलटला तर काही पेशी सीडी१९चा नेमका तेवढाच तुकडा टाकून देतात, ज्यावर कार-टी नेम धरते. उरलेलं प्रथिन आत तसंच राहतं. प्रथिनाच्या आतल्या टोकाला चिकटणारी अँटीबॉडी वापरली तर आयएचसी पॉझिटिव्ह येईल आणि फ्लो निगेटिव्ह. सीडी१९वर पुन्हा बेतलेला उपचार ठरवताना नुसतं आयएचसी पुरत नाही, याचं कारण हे. या रुग्णांत ताज्या नमुन्याचा आग्रह आम्ही जास्तच धरतो. ब्रेंटुक्सिमॅबनंतर त्याचं लक्ष्य असलेला सीडी३०ही कधी कधी फिका पडतो. हॉजकिनमध्ये हे क्वचित होतं, अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमात त्याहून जास्त.

दुसरी फेरी जुन्या निदानावरून ठरते.

जुना आजार फॉलिक्युलर असेल तर सीडी१०, बीसीएल६, बीसीएल२ आणि सीडी२१. सीडी२१ने फॉलिकलची जाळी दिसते. जिथे जाळी नाही आणि मोठ्या पेशींची चादर आहे, तिथे रूपांतर. दरवर्षी साधारण २ ते ३ टक्के रुग्णांमध्ये हे घडतं, म्हणजे दहा वर्षं जुन्या फॉलिक्युलर लिम्फोमात ते सापडलं तर आश्चर्य वाटायला नको. रूपांतर दिसलं की एमवायसी, बीसीएल२ आणि बीसीएल६ या जनुकांची फिश तपासणी हवीच. फॉलिक्युलरमध्ये बीसीएल२ची अदलाबदल (जनुक तुटून दुसऱ्या गुणसूत्रावर जाणं) बहुधा आधीपासून असते. त्यात एमवायसीची भर पडली की तो ‘डबल हिट’ होतो आणि उपचारांचा सूरच बदलतो. आयएचसीवर एमवायसी ४० टक्क्यांहून आणि बीसीएल२ ५० टक्क्यांहून जास्त असणं, म्हणजे डबल एक्स्प्रेसर, ही वेगळी गोष्ट. प्रथिन वाढलेलं असणं आणि जनुक तुटलेलं असणं यांची गल्लत रिपोर्टांत अजूनही सापडते. रूपांतर झालेल्या पेशी ब्लास्टसारख्या, बारीक क्रोमॅटिनच्या दिसल्या तर टीडीटी आणि सायक्लिन डी१ (मँटल सेल लिम्फोमाची खूण) दोन्ही लावावेत.

उलटी दिशाही असते. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (मोठ्या बी-पेशींचा आक्रमक प्रकार) उलटतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत. पाच वर्षांनंतर आलेली गाठ कधी कधी सौम्य, फॉलिक्युलर निघते. मुळात दोन्ही एकत्र होते, केमोने आक्रमक भाग गेला आणि संथ भाग मागे राहिला. जुना रिपोर्ट डोळ्यांसमोर ठेवून हा रुग्ण पुन्हा जोरदार केमोकडे पाठवला जाऊ नये, यासाठी बायॉप्सी लागते.

मँटल सेल लिम्फोमा उलटताना कधी कधी ब्लास्टॉइड (कोवळ्या पेशींसारखं) किंवा प्लिओमॉर्फिक (ओबडधोबड पेशींचं) रूप घेऊन येतो. पेशी मोठ्या, केआय-६७ चढा, सीडी५ कधी गेलेला. जुनी माहिती नसेल तर सरळ डिफ्यूज लार्ज म्हणून निघून जातो. मोठ्या बी-पेशींच्या प्रत्येक नव्या किंवा उलटलेल्या आजारात सायक्लिन डी१ एकदा तरी लावावा, असा आमचा हट्ट आहे. सायक्लिन डी१ संदिग्ध असेल तर सॉक्स११. पी५३चा गडद, सरसकट रंग दिसला तर तोही नोंदवावा, कारण तो पुढच्या वाटचालीबद्दल सांगतो.

सीएलएलमध्ये (बी-पेशींचा एक संथ ल्यूकेमिया) रिश्टर रूपांतराचा, म्हणजे त्याचा आक्रमक लिम्फोमा होण्याचा, प्रश्न येतो आणि इथे औषधांनी नवा गोंधळ घातला आहे. इब्रुटिनिबसारखी बीटीके रोधक गोळी एखाद्या ऑपरेशनसाठी काही दिवस बंद केली की गाठी एकाएकी वाढतात. बायॉप्सीत मोठ्या पेशी, चढा केआय-६७, सगळं रिश्टरसारखं. गोळी परत सुरू केली की गाठी उतरतात. याला स्यूडो-रिश्टर म्हणतात. स्लाईडवरून दोन्ही वेगळे करणं फार अवघड, पण गोळी बंद होती ही एक ओळ फॉर्मवर असेल तर आम्ही सावध लिहितो. ती नसेल तर रुग्ण थेट केमोला जाऊ शकतो. खऱ्या रिश्टरमध्येही पुढचा प्रश्न उरतो: ही जुन्याच पेशींची वंशज आहे की नवीन लिम्फोमा? साधारण ८० टक्के वेळा वंशज असते. नवा, वेगळ्या वंशाचा निघाला तर त्याचं भवितव्य बरंच बरं असतं, म्हणून हा शोध निव्वळ अभ्यासासाठी नसतो.

वंश ओळखायला क्लोनॅलिटी लागते, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनच्या जनुकांची पीसीआर. जुना आणि नवा, दोन्ही ब्लॉक एकाच वेळी, एकाच फेरीत चालवावेत. पॅराफिनमधल्या डीएनएचे तुकडे झालेले असतात, म्हणून जनुकाच्या एफआर१ या भागाची, ३००हून अधिक बेसच्या लांबीची प्रक्रिया बऱ्याचदा फसते आणि १०० ते १७० बेसची एफआर३ चालते. फॉलिक्युलरमध्ये जनुकातच इतके बदल झालेले असतात की प्रायमर चिकटत नाहीत. तिथे इम्युनोग्लोब्युलिनच्या कॅपा साखळीची तपासणी जोडावी. नमुन्यात बी-पेशी मोजक्याच असतील तर आलेखावर खोटी ठळक शिखरं उठू शकतात. त्यामुळे प्रत्येक प्रक्रिया दोनदा करतो आणि दोन्ही वेळा तेच शिखर आलं तरच मान्य करतो. एवढं करूनही, दोन नमुन्यांत शिखर एकाच लांबीचं आलं म्हणजे वंश एकच, हे पक्कं होत नाही. लांबी योगायोगाने जुळू शकते. खात्री हवी तर क्रमवाचन, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं.

क्लासिक हॉजकिन उलटल्याची शंका असली की सीडी३०, सीडी१५, मम१, पॅक्स५ आणि इबर. रीड-स्टर्नबर्ग पेशीत (हॉजकिनची ओळख असलेली मोठी पेशी) पॅक्स५ फिका असतो, शेजारच्या लहान बी-पेशीत गडद. ही तुलना त्याच स्लाईडवर करायची असते. पॅक्स५ गडद, सीडी२० सगळीकडे, सीडी१५ निगेटिव्ह असं दिसलं तर थांबावं. कदाचित वर्षांपूर्वीचा आजार मुळात नोड्युलर लिम्फोसाइट प्रिडॉमिनंट या वेगळ्या प्रकाराचा होता आणि तेव्हा सीडी२० लावलाच नव्हता. दुसरा सापळा टी-सेलचा. अँजिओइम्युनोब्लास्टिक या टी-सेल लिम्फोमाच्या प्रकारात ईबीव्ही असलेल्या मोठ्या बी-पेशी रीड-स्टर्नबर्गसारख्या दिसतात, आणि रुग्ण हॉजकिन म्हणून उपचार घेऊन ‘उलटला’ म्हणून येतो. टी-पेशींवरचे पीडी-१, आयकॉस, सीडी१० आणि सीडी२१ची विस्कटलेली जाळी यांनी ते उघडं पडतं. जुना ब्लॉक परत बघितला की तेच तिथेही असतं. असा आजार मुळात उलटलेलाच नसतो, पहिल्यांदा त्याला नाव वेगळं मिळालेलं असतं.

अस्थिमज्जेबद्दल तीनच गोष्टी. रिटुक्सिमॅबनंतर हाडाच्या कडेला लहान पेशींचे ढीग राहू शकतात आणि एच अँड ईवर ते हुबेहूब फॉलिक्युलरसारखे दिसतात. सीडी३ लावला की ते निव्वळ टी-पेशींचे निघतात. केमोनंतर मज्जा सावरताना कोवळ्या बी-पेशी वाढतात, सीडी१० आणि टीडीटी पॉझिटिव्ह. त्या ल्यूकेमियाच्या नव्हेत. आणि ट्रेफाइनमधलं (हाडासकट काढलेल्या मज्जेच्या तुकड्यातलं) कॅल्शियम काढायला आम्लाऐवजी ईडीटीए वापरावं. वेळ जास्त लागतो, पण डीएनए वाचतो.

वर्गीकरणाच्या बाबतीत २०२२पासून दोन पुस्तकं समांतर चालू आहेत, जागतिक आरोग्य संघटनेची पाचवी आवृत्ती आणि आंतरराष्ट्रीय सहमती वर्गीकरण. एमवायसी आणि बीसीएल६ यांच्या जोडीला एक वेगळं नाव देतं, दुसरं देत नाही. फॉलिक्युलरच्या ग्रेडबद्दलही मतभेद आहेत. जुना रिपोर्ट २०१६च्या नावांत असतो. त्यामुळे रुग्णाच्या फायलीत तीन नावं जमतात आणि नातेवाईकांना वाटतं की तीन आजार झाले. आम्ही रिपोर्टात आधी जुनं निदान त्या वेळच्या नावाने लिहितो, मग जुना ब्लॉक आज बघून काय म्हणू ते, मग नवं निदान दोन्ही वर्गीकरणांत. खाली एका ओळीत: हाच वंश, वेगळा वंश, की सांगता येत नाही.

कोअर अपुरा असेल तर ‘बी-सेल लिम्फोमा, पुढील वर्गीकरण शक्य नाही’ असं लिहायला लाज वाटू नये. त्यासोबत का शक्य नाही आणि काय पाठवलं तर शक्य होईल, हे मात्र लिहावं. सीडी२०, सीडी१९, सीडी३० यांची टक्केवारी आणि रंगाची तीव्रता स्वतंत्र ओळीत द्यावी, कारण ऑन्कोलॉजिस्टचं पुढचं औषध तिथूनच निघतं. ब्लॉकमध्ये किती टिश्यू उरली आहे, तेही लिहावं.

आणि जुना ब्लॉक. सोलापूर, लातूर, जळगावकडचे रुग्ण परळला, टाटा मेमोरियलकडे निघतात ते बहुधा फक्त फाईल आणि स्कॅनची सीडी घेऊन. पहिल्या लॅबमध्ये अर्ज देऊन, सही करून ब्लॉक, जुन्या स्लाईड आणि रिपोर्टाची प्रत मागून घ्यावी. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच जुळवून बघावा. पॅराफिन साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, पण त्याआधीच मऊ पडतं. एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवू नयेत. जाड कागदात गुंडाळून, हवा तर थर्मोकोलच्या डबीत घालून, हातातल्या पिशवीत न्यावेत. काम झालं की ते परत मागून घ्यावेत, कारण पुढच्या खेपेला तेच लागतात.